स्टीलचा पोहरा

आमच्या सोसायटीतल्या बायकांना अजून वाटतं की मी सांगलीच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे. निवृत्त होऊन मी साताऱ्याला मुलाकडं आले. संध्याकाळी खाली बाकावर बसले की कुणीतरी गुडघा पुढं करतं, "काकू, ह्यात गॅप पडलाय का बघा की जरा." मी काय बघणार कप्पाळ. उभ्या जन्मात मी एक एक्स-रे काढलेला नाही. मी किरण मोजणारी यंत्रं तपासायचे. हे सांगितलं की सगळ्या गप्प होतात आणि भाजीचा विषय निघतो. आता दिवाळी अंक काढणाऱ्या मुलांनी विचारलं, "काकू, लिहिता का?" तेव्हा म्हटलं, बाकावर जे कधी पुरं सांगून झालं नाही ते इथं सांगू. शाळा माझी दहावीपर्यंत. मी बोलते तसं लिहिते, तुम्ही सांभाळून घ्या.

आधी ते एक्स-रेचं मिटवते. एक्स-रेमध्ये यंत्र बाहेरून किरण सोडतं आणि ते माणसाच्या आरपार जातात. आमच्याकडं उलटं. किरण देणारं औषधच सुईनं शिरेत सोडायचं. मूत्रपिंडाचं औषध मूत्रपिंडात जाऊन बसतं, हाडाचं हाडात. मग माणूस आडवा निजतो आणि कॅमेरा नुसता बघत राहतो, कुठून किती किरण येताहेत ते. अवयव दिसतो कसा हे त्यात फारसं कळत नाही, तो काम करतो का हे कळतं. ह्याला न्यूक्लिअर मेडिसिन म्हणतात.

आता हे औषध किती द्यायचं? कमी पडलं तर चित्र धूसर येतं. जास्त झालं तर त्या माणसाच्या अंगात विनाकारण किरण. आणि हे चमच्यानं मोजता येत नाही, कारण त्याचा जोर तासातासाला उतरत असतो. आमचं रोजचं औषध म्हणजे टेक्निशियम. सकाळी आठला भरलेली सिरिंज दुपारी दोनला निम्म्या जोराची होते, थेंब तेवढेच असले तरी. म्हणून टोचायच्या आधी भरलेली सिरिंज एका यंत्रात सोडायची आणि आकडा बघायचा. त्या यंत्राला डोस कॅलिब्रेटर म्हणतात. दिसायला मोठ्या डब्यासारखं, मधोमध खोल भोक. आम्ही त्याला आड म्हणायचो. त्या आडात सिरिंज सोडायला लांब दांडीचं प्लॅस्टिकचं पात्र असतं. पुस्तकात त्याला डिपर लिहिलंय. मी पहिल्या दिवशी पोहरा म्हणाले आणि वर्षभरात आमच्या डॉक्टर मॅडमसुद्धा पोहरा म्हणायला लागल्या.

माझं काम म्हणजे त्या आडाची रोज झडती घेणं. सगळ्यांच्या आधी जायचं, आपल्या अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारा बिल्ला छातीला लावायचा, आड रिकामा असताना आकडा शून्याजवळ बसतो का बघायचं. मग शिशाच्या डबीतून सिझियमची सीलबंद कुपी काढायची. तिचा जोर वर्षानुवर्षं टिकतो. ती पोहऱ्यात घालून आत सोडायची. त्या तारखेला जो आकडा यायला हवा तो तक्त्यात लिहिलेला असतो. शंभरात पाच इकडंतिकडं चालतं. तेवढ्यात बसला तर आजचा दिवस यंत्रावर विसंबायचं, नाही बसला तर त्या दिवशी एकालाही सुई नाही. सही मुल्ला सरांची, वाचन माझं. मुल्ला सर आमचे तंत्रज्ञ, मिरजेचे, वयानं माझ्या मुलाएवढे. औषध भरणं, टोचणं त्यांचं काम. मी कागदावर नुसती मदतनीस.

त्याआधी मी कुपवाडला एका कारखान्यात प्रेशर गेज तपासायचे. काटा खोटं बोलतो का हे ओळखायची सवय तिथली. दवाखान्यात आले तेव्हा यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तक आलेलं, ते कपाटात कुलपात. मी किल्ली मागितली. मुलीची डिक्शनरी शेजारी ठेवून सहा महिने वाचलं. मुल्ला सर हसायचे, "काकू, हे पुस्तक कंपनीवाल्यांनीपण एवढं वाचलं नसंल."

गमतीही फार व्हायच्या. आमच्याकडं एक दुसरं यंत्र होतं, टेबलं-फरशा पुसलेले कागद मोजायचं. कुठं औषधाचा थेंब सांडलाय का हे त्यावर कळतं, फार हळवं यंत्र. एका सकाळी त्याच्यात काही न ठेवता आकडा चढायला लागला. मी फरशी पुसली, हातमोजे बदलले, चपला बाहेर काढल्या. आकडा थोडा उतरायचा, परत चढायचा. मुल्ला सर म्हणाले, यंत्र गेलं. मी सहज बाहेर डोकावले तर भिंतीच्या पलीकडच्या बाकावर एक जुने पैलवान पाठ टेकून बसलेले. हाडाच्या तपासणीची सुई घेतलेली, तीन तास थांबायचं, पाणी प्यायचं असं सांगितलेलं. मी म्हटलं, "आवं दादा, जरा पलीकडच्या बाकावर बसता का?"

"का वो? हितं गार लागतंय पाठीला."

"तुमच्यामुळं माझं यंत्र घाबरतंय."

ते पाणी प्यायला उठले की आकडा खाली, परत येऊन टेकले की वर. खुलासा केल्यावर त्यांना इतका आनंद झाला की संध्याकाळी निघताना बायकोला आत घेऊन आले, "हिला दावा, म्या भिताडातनं कसा दिसतोय ते."

दुसरी गोष्ट, आमचा सिझियमसुद्धा दरवर्षी शंभरात दोन-सव्वादोननं उतरतो. म्हणजे रोजचा आकडा वर्षानुवर्षं तोच येत असेल तर शाबासकी द्यायची नाही, संशय घ्यायचा. एकदा मी महिनाभर रजेवर होते. आल्यावर बघते तर माझ्या जागी बसवलेल्या माणसानं सगळा महिना एकच आकडा लिहिलेला, दशांशासकट. खरं यंत्र असं वागत नाही, रोज शेवटचा आकडा थोडा डुलतोच. मी त्याला बोलले होते. लागेल असं बोलले होते. पुढचं लिहिताना ते आठवून माझेच कान गरम होतात.

तर पोहरा. तो माझ्याच हातून फुटला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळी खोली धुऊनपुसून काढायची आमची रीत, दुसऱ्या दिवशी यंत्रांची पूजा. पोहरा बेसिनमध्ये धुताना साबणाच्या हातातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचा तळ उडाला. कंपनीला फोन केला. भाग परदेशातून येणार, दीड-दोन महिने धरा म्हणाले. दीड महिना काय करायचं? दसऱ्यानंतर पेशंटांची रांग लागलेली.

मी कुपवाडची बाई. मला सुचलं तेच आमच्या भागातल्या कुणालाही सुचलं असतं. तुकडे रुमालात बांधले आणि आप्पा मिस्त्रींच्या शेडवर गेले. आप्पा म्हणजे माझ्या जुन्या कारखान्याला सुटे भाग करून देणारा माणूस, लेथवर असा हात की केसाचा फरक पडायचा नाही. मी म्हटलं, "आप्पा, अगदी असाच पायजे. लांबी, रुंदी, काय बदलायचं नाही."

आप्पांनी तुकडे जोडून व्हर्नियरनं मापं घेतली. "कशाला लागतंय हे?"

"दवाखान्यात. औषध मोजायला."

एवढंच मी सांगितलं. चौथ्या दिवशी पोहरा तयार, तोवर सुया बंदच होत्या. लांबी तंतोतंत, दांडीचा बाक तंतोतंत, हूक अडकवायची खाच तंतोतंत. फक्त तो प्लॅस्टिकचा नव्हता. पातळ स्टेनलेस स्टीलचा, आरशासारखा घासलेला. आप्पा म्हणाले, "पलास्टिक परत पडलं की परत फुटंल. म्हनलं काकूंचं काम हाय, टिकंल असं करू. ह्यो आता तुमच्या नातवांस्नी पुरंल."

मला काय वाटलं असेल सांगा. मी खूश झाले. कुपवाडमध्ये वीस वर्षं आम्ही एकच शिकलो होतो, जे जास्त मजबूत ते जास्त चांगलं. दवाखान्यात नेला, हळदकुंकू लावलं, पुसला, आणि नियमाप्रमाणं तपासला. सिझियम घातला. आकडा नेहमीपेक्षा शंभरात दोनानं कमी. पाचाच्या आत. वहीत लिहिलं, पास. मुल्ला सरांनी सही केली आणि पोहरा उजेडात धरून म्हणाले, "काकू, कंपनीनं आपल्याकडनं घ्यावा असा झालाय."

सोमवारी गाय आली. गाय म्हणजे काय ते सांगते. टेक्निशियम फार दिवस टिकत नाही, म्हणून दर आठवड्याला मुंबईहून शिशानं मढवलेला एक जड ड्रम येतो. त्यात मूळ माल असतो, त्याच्यापासून टेक्निशियम तयार होत राहतं, आणि रोज सकाळी मिठाचं पाणी सोडून ते ओढून घ्यायचं. जगभर त्या ड्रमला गाय म्हणतात आणि ओढून घेण्याला दूध काढणं. त्या सोमवारी दूध काढलं, कुपी आडात सोडली, तर ड्रमबरोबरच्या कागदावर लिहिल्यापेक्षा दहावा हिस्सा कमी. मी लगेच मुंबईला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. "बाई, त्याच खेपेचे ड्रम बाकी ठिकाणी बरोबर भरलेत." मी म्हटलं, "बाकीच्यांचं मला सांगू नका, माझं यंत्र मी रोज तपासते." पुढच्या सोमवारी परत तेच. मी परत फोन केला आणि आणखी वरच्या आवाजात बोलले. त्या माणसाचं नावही मी विचारून ठेवलं नाही, नाहीतर आज इथं नाव घेऊन माफी मागितली असती.

ह्या दोन आठवड्यांत समू आली.

समू म्हणजे समृद्धी, पाच वर्षांची, म्हसवडच्या बाजूच्या एका वस्तीवरची. बरोबर तिची आई आणि आजोबा. आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा ताठ, खिशात छोटी वही. समूच्या डाव्या मूत्रपिंडातून लघवी उतरायची वाट जन्मतः अरुंद होती. औषधावर भागतं की ऑपरेशन लागतं हे ठरवायला दोन तपासण्या हव्या होत्या, एक आत्ता आणि एक तीन महिन्यांनी. पहिलीपेक्षा दुसरीत घसरण दिसली तर ऑपरेशन. मूत्रपिंड दुखत नाही, बोंबलत नाही, गप्प बसून निकामी होतं. वर्षभरापूर्वी दुसऱ्या शहरात हीच तपासणी ठरली होती. तेव्हा किरणांचं नाव ऐकून आईनं टेबलावरून पोर उचलली होती आणि घर गाठलं होतं. एक वर्ष त्यात गेलेलं. ह्या वेळी सुभेदारांनी कशीबशी समजूत घालून आणलेलं.

आई माझ्याच वस्तीतली असावी तशी माझ्याजवळ येऊन बसली. "काकू, एकदा अंगात गेलं की निघतंय का वो ते?"

"निघतंय की. लघवीतनं जातं, उरलेलं आपलं आपण विझतं. उद्या ह्या वेळेला नावालासुदिक उरत न्हाई."

"किती देताय?"

मुल्ला सरांनी भरलेली सिरिंज मी पोहऱ्यात सोडली आणि वाचलं, "दीड." मिलिक्युरी हे मापाचं नाव. सुभेदारांनी वही काढून दीड लिहिलं, तारीख घातली. आई म्हणाली, "बरूबर दीडच ना?"

"दीडच. मी स्वतः वाचलंय बाई. माझ्या यंत्रात चूक व्हायची न्हाई."

ती जराशी सैल झाली. समू शहाण्यासारखी निजली, चित्र छान आलं, तीन महिन्यांनंतरची तारीख घेऊन ते लोक एसटीला गेले.

त्यानंतर चारच दिवसांनी, दूध काढून कुपीचा आकडा मी वाचल्यावर, सिरिंज भरताना मुल्ला सरांच्या हातून एक थेंब पोहऱ्याच्या दांडीवर सांडला. असं झालं की ती वस्तू बाजूला ठेवायची, दुसऱ्या दिवशीपर्यंत ती आपोआप विझते. पण पेशंट तर बाहेर बसलेले. मुल्ला सरांनी काय केलं, कुपी गॉझच्या फितीला बांधली आणि तशीच आडात सोडली. वाचून म्हणाले, "काकू, मघाशी तुम्ही किती वाचलं होतं?"

मी सांगितलं.

"आता दहावा हिस्सा जास्त येतोय. चष्मा लावला होता का?"

मी चिडले. चष्मा माझ्या नाकावरच होता. मग दुसऱ्या दिवशी पोहरा विझल्यावर मीच हट्टानं करून बघितलं. एक कुपी, एकदा फितीनं, एकदा पोहऱ्यानं. परत फितीनं, परत पोहऱ्यानं. चार वेळा. फितीनं जास्त, पोहऱ्यानं कमी, दर वेळी. मग सिझियम तसाच करून बघितला. दोनाचा फरक, जेमतेम. मी स्टुलावर बसले.

सिझियमचे किरण जोरकस असतात, पातळ स्टीलमधून सहज पार होतात. टेक्निशियमचे मऊ असतात, त्यातले बरेच स्टीलमध्येच अडकतात, यंत्रापर्यंत पोचतच नाहीत. दार जड झालंय का हे मी रोज धट्ट्याकट्ट्या माणसाला विचारत होते आणि तो म्हणत होता, नाही. त्या दारातून जायचं होतं ते लहान पोर. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. पोहऱ्याचं साहित्य बदललं तर ज्या औषधाचा वापर त्याच औषधानं तपासा, असं एक वाक्य. मी ते वाक्य वाचलेलं होतं, खाली पेन्सिलीची रेघही माझीच.

म्हणजे ज्याला आम्ही दीड म्हणालो ते जवळजवळ एक पूर्णांक सात होतं. गायही बरोबर होती, मुंबईचा माणूसही बरोबर होता.

मॅडमना मी त्याच दुपारी सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्या दोन आठवड्यांतली सगळी नावं काढायला लावली, किरणांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी कळवलं, पोहरा कपाटात बंद केला. म्हणाल्या, कुणाची तपासणी चुकलेली नाही, जास्त गेलं ते धोक्याच्या जवळपासही नाही, पण गेलं हे खरं. मोठ्या पेशंटांना पुढच्या भेटीत सांगायचं ठरलं. राहिली समू.

मुल्ला सर म्हणाले, "मॅडम, तिला दुसऱ्या तपासणीनंतर सांगू. आत्ता कळलं तर तिची आई परत येणार नाही. आली नाही तर पोरीचं मूत्रपिंड जाईल. दशांश दोनासाठी?"

ते चुकीचं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांना स्वतःला दोन मुली आहेत. मॅडम बराच वेळ पेन फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "तीन महिन्यांनी ती विचारेल, मागच्या वेळी बरोबर दीडच होतं ना? तेव्हा काय सांगायचं? हो म्हणायचं?" मग माझ्याकडं बघून, "काकू, आकडा तुम्ही सांगितला होता. फोन मी करू की तुम्ही करता?"

मी केला. सुभेदारांनीच उचलला.

"बोला मॅडम. रिपोर्टात काय हाय?"

"रिपोर्ट ठीक हाय, सुभेदार. मी मॅडम न्हाई, मोजणारी काकू बोलतीय. तुमच्या वहीत आपण दीड लिवलं होतं. ते दीड नव्हतं. जवळजवळ एक पूर्णांक सात होतं."

फोनात वाऱ्याचा आवाज येत होता. रानात असावेत.

"म्हंजी चूक झाली."

"व्हय. माझी."

"पोरीला काय व्हईल का?"

"न्हाई. त्यानं काय व्हायचं न्हाई, मॅडमबी बोलतील तुमच्याशी. पण तुमास्नी खोटा आकडा दिला मी."

"मग सांगताय कशापायी? आमास्नी काय कळनार होतं?"

मी म्हटलं, "तुमी लिवून घेतलं होतं म्हणून."

"सूनबाईला सांगावं लागंल."

"सांगा."

"ती न्हाई यायची मग." मग तेच म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

आप्पा मिस्त्रींना सांगणं राहिलं होतं. ते ऐकून फडक्याला हात पुसतच राहिले. "म्हंजी म्या लेकराला जास्त औषीद पाजलं व्हय?"

"तुमी न्हाई आप्पा. तुमी विचारलं होतं कशाला लागतंय, म्या धड सांगितलं न्हाई."

"तुमी असाच म्हनला होता. म्या शाणपणा केला." पुढं वर्षभर त्यांनी दवाखान्याचं कुठलंच काम घेतलं नाही, साध्या स्टुलाचा पायसुद्धा. मजबूत करून दिलं म्हणून कुणाला असं खाली बघायला लागावं, हे मला अजून टोचतं.

नवा प्लॅस्टिकचा पोहरा आला. तो मी सिझियमनं तपासला, टेक्निशियमनं तपासला, फितीशी ताडून बघितला. मग तीन महिने भरले. समूच्या तारखेला मी सकाळपासून दाराकडं बघत होते. आले नाहीत. मॅडमनी फोन केला, लागला नाही. दुसऱ्या आठवड्यात पत्र पाठवलं. तिसरा आठवडा गेला. मुल्ला सर मला काही बोलले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. पण चहा पिताना आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं टाळायचो. मी रोज आकडा लिहायचे आणि मनात यायचं, म्हसवडला एक मूत्रपिंड गप्प बसलंय.

चौथ्या आठवड्यात, एका बुधवारी, ती आली. पुढं आई, कडेवर समू, मागं सुभेदार. सुभेदारांनी मला नमस्कार केला, आईनं नाही. मुल्ला सरांनी औषध भरलं आणि सवयीनं सिरिंज माझ्याकडं दिली. आई म्हणाली, "आज वाचनारं दुसरं कोन हाय का?"

मुल्ला सर काहीतरी बोलणार होते. मी म्हटलं, "हाय की. सर वाचतील." आणि सिरिंज परत त्यांच्या हातात देऊन दारापाशी जाऊन उभी राहिले. पंधरा वर्षांत त्या यंत्रासमोरून मी अशी कधी उठले नव्हते. हात कुठं ठेवावेत कळेना.

सरांनी पोहरा सोडला. "एक पूर्णांक बावन्न."

आईनं त्या लाल आकड्यांकडं बघितलं. मग सरांकडं. मग वळून माझ्याकडं. "आता तुमी बगा."

मी पुढं गेले, चष्मा पुसला, आकडा डुलायचा थांबेपर्यंत थांबले. "एक पूर्णांक बावन्न."

तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं, समूला मांडीवर घेतलं आणि स्वतःच तिची बाही वर सरकवली.

डावं मूत्रपिंड घसरलं होतं. महिन्याभरात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मॅडम म्हणाल्या, आणखी सहा महिने गेले असते तर वाचवण्यासारखं काही उरलं नसतं. हे सगळं ज्याला ज्याला मी सांगते तो म्हणतो, काकू, फोन केलात ते बरोबर केलंत. मुल्ला सरही आता तसंच म्हणतात. ती आली, म्हणून म्हणतात.